पेन्सिलीची सावली, चंद्राची सावली : ग्रहण हाताने मोजून समजून घेण्याची रीत

भर उन्हात पांढऱ्या जाड कागदावर पेन्सिलीची सावली पाडावी आणि पेन्सिल कागदापासून सावकाश दूर न्यावी. दोन-तीन सेंटिमीटरवर असताना सावलीच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या दिसतात, वीतभर अंतरावर त्या विरघळू लागतात आणि पाऊण मीटरच्या आसपास सावलीतला काळा गाभा नाहीसा होऊन कागदावर नुसता करडा, पुसट पट्टा उरतो. पेन्सिल तीच, ऊनही तेच, तरी गडद सावली एका ठरावीक अंतरावर संपते. चंद्राची सावलीही अशीच संपते. ती पृथ्वीच्या जरा अलीकडे संपते की जरा पलीकडे, यावर सूर्यग्रहण कंकणाकृती दिसणार की खग्रास, हे ठरते.

म्हणूनच ग्रहणाचा अभ्यास आकाशापासून सुरू न करता या पेन्सिलीपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. पुस्तकांतल्या आकृतीत सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एकाच पानावर बसवायचे असल्यामुळे त्यांचे आकार आणि अंतरे मनाला येतील तशी काढलेली असतात; ती आकृती पाठ करून गुण मिळतात, परंतु दर अमावास्येला ग्रहण का होत नाही आणि झाले तरी खग्रास अवस्था इतक्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच का दिसते, हे तिच्यावरून उमगत नाही. पुढे दिलेल्या कृतींसाठी पांढरा जाड कागद, पट्टी, मोजपट्टी, पेन्सिल, टाचणी, ॲल्युमिनियमची पातळ फॉइल, हातात मावेल एवढा आरसा, अर्धा मीटर लांबीची लाकडी पट्टी, थोडी तार, एक लहान गोळी आणि एक मणी एवढे साहित्य पुरते. एक अट मात्र सगळीकडे लागू आहे. कोणत्याही कृतीत सूर्याकडे पाहायचे नाही. पाहायचे ते सूर्याकडे पाठ करून, कागदावर किंवा भिंतीवर.

सावलीची कड

पहिली कृती रात्री, खोलीतले इतर दिवे बंद करून करावी. मोबाइलचा टॉर्च भिंतीपासून दोन मीटरवर ठेवावा आणि मध्ये पेन्सिल धरावी. टॉर्चचा दिवा जेमतेम काही मिलिमीटरचा असल्यामुळे तो जवळजवळ बिंदूसारखा वागतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे पेन्सिलीच्या कडेला चाटून जाणारा किरण भिंतीवर एकाच जागी पोहोचतो आणि सावलीची कड ठळक येते. आता टॉर्चच्या जागी दुधी काचेचा मोठा गोल दिवा ठेवावा. या दिव्याच्या प्रत्येक बिंदूपासून पेन्सिलीची एकेक स्वतंत्र सावली पडते आणि त्या सगळ्या किंचित सरकलेल्या सावल्या एकमेकींवर चढतात. ज्या भागात त्या सगळ्या एकत्र येतात तो पूर्ण काळोखाचा भाग म्हणजे प्रच्छाया, आणि जिथे काही येतात व काही येत नाहीत तो करडा भाग म्हणजे उपच्छाया.

या दोन शब्दांची व्याख्या पाठ करण्यापेक्षा सावलीत बसलेल्या मुंगीच्या जागी स्वतःला कल्पावे. गोल दिवा मंद असेल तर भिंतीला गाल टेकवून प्रत्यक्षही पाहता येते. प्रच्छायेत बसलेल्या मुंगीला दिवा मुळीच दिसत नाही. उपच्छायेतल्या मुंगीला दिव्याचा काही भाग पेन्सिलीआड गेलेला आणि काही भाग उघडा दिसतो. तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ती प्रच्छायेच्या टोकापलीकडची असते आणि तिथून पेन्सिल दिव्यापुढे पूर्ण येऊनही तिच्या दोन्ही बाजूंनी दिवा डोकावतो. पेन्सिलीऐवजी गोल चेंडू घेतला, तर तिसऱ्या जागेवरून चेंडूभोवती प्रकाशाचे अखंड कडे दिसते. खग्रास, खंडग्रास आणि कंकणाकृती ही सूर्यग्रहणाची तीन रूपे म्हणजे मुंगीच्या बसण्याच्या या तीन जागा आहेत.

याच बैठकीत आणखी एक प्रयोग उरकून घ्यावा, कारण त्याचा उपयोग शेवटी होणार आहे. भिंतीवर ट्यूबलाइट असेल तर तिच्यासमोर काही अंतरावर पांढरा कागद उभा धरून, कागदापासून सुमारे दहा सेंटिमीटरवर आधी पेन्सिल ट्यूबला समांतर आणि मग ट्यूबशी काटकोनात धरावी. समांतर पेन्सिलीची सावली रेखीव पडते. काटकोनातली जवळजवळ नाहीशी होते. ट्यूब एका दिशेने लांब आणि दुसऱ्या दिशेने अरुंद आहे, आणि सावलीची कड किती पसरणार हे त्या कडेला आडव्या दिशेने प्रकाशस्रोत किती रुंद आहे यावर ठरते, हे यातून डोळ्यांना दिसते.

१०७ हा आकडा स्वतः काढणे

उन्हातल्या सावलीची कड पुसट होते, याचा अर्थ सूर्य बिंदू नाही. मग तो केवढा दिसतो? फॉइलच्या तुकड्याला टाचणीने सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडावे, फॉइल पुठ्ठ्याच्या खिडकीवर चिकटवावी आणि छिद्रातून आलेले ऊन दोन मीटरवर सावलीत ठेवलेल्या कागदावर घ्यावे. तिथे १८-१९ मिलिमीटरची गोल चकती दिसते. ही चकती छिद्राची नसून सूर्याची प्रतिमा आहे. खात्री हवी असल्यास छिद्र तिकोनी करून पाहावे, चकती गोलच राहते. झाडाखाली पानांच्या वेड्यावाकड्या फटींतून पडणारे कवडसे गोल असतात, ते याच कारणाने.

छिद्र आणि कागद यांमधील अंतराला चकतीच्या व्यासाने भागले की १०७ च्या जवळचे उत्तर येते. ही मोजणी अधिक नेमकी करायची असेल, तर आरशाची युक्ती वापरावी. आरशावर काळा कागद चिकटवून त्यात पाच-सहा मिलिमीटरची खिडकी ठेवावी, आरसा उन्हात पक्का बसवावा आणि त्याचा कवडसा दहा मीटर दूर असलेल्या सावलीतल्या भिंतीवर पाडावा. तो कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी अर्थातच घ्यावी. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा सहा मिलिमीटरच्या खिडकीने दहा मीटरवर जवळजवळ दहा सेंटिमीटरची चकती मिळाली आणि उत्तर १०० आले. चूक शोधायला बराच वेळ गेला. चकतीच्या कडेला खिडकीची रुंदीही मिसळलेली असते, ती वजा करावी लागते. दहा सेंटिमीटरमधून सहा मिलिमीटर काढले की ९.४ सेंटिमीटर उरतात आणि भागाकार १०६ वर येतो. कवडसा भिंतीवर तिरपा पडून लंबगोल झाला असेल, तर त्याचा लहान व्यास धरावा. ही चकती भिंतीवरून सरकताना दिसते. तिला स्वतःच्या रुंदीइतके सरकायला दोन मिनिटांहून किंचित जास्त वेळ लागतो, आणि तो वेग पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा आहे.

आता या आकड्याचा अर्थ. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट दूर आहे. सूर्याचे सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे, त्याला १०७ ने भागले की व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर मिळतो. प्रत्यक्षातला व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्यामुळे हे गुणोत्तर जानेवारीच्या सुरुवातीस १०५.६ च्या आसपास आणि जुलैच्या सुरुवातीस १०९ च्या आसपास असते. घरगुती मोजणीत हा फरक पकडणे अवघड, पण आरसा वर्षभर हलवला नाही तर अशक्य नाही.

सावलीच्या दृष्टीने नियम असा निघतो की, उन्हात कोणत्याही वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या सुमारे १०७ पट अंतरावर संपते. सात मिलिमीटरच्या पेन्सिलीसाठी हे अंतर ७५ सेंटिमीटर येते, आणि सुरुवातीच्या कृतीत काळा गाभा तिथेच हरवला होता. उपच्छायेचा पसाराही याच आकड्याने मिळतो. वस्तूच्या कडेपासून सावलीपर्यंतचे अंतर भागिले १०७, म्हणजे मीटरमागे साधारण नऊ मिलिमीटर. दहा मीटर उंच भिंतीच्या सावलीची कड जमिनीवर निदान नऊ सेंटिमीटर धूसर असते, आणि ऊन तिरपे असेल तर त्याहून जास्त. सावलीचे टोक मोजून खांबाची उंची काढणाऱ्या विद्यार्थ्याला "नेमके टोक कुठले?" हा प्रश्न पडतो तो यामुळेच. अशा वेळी धूसर पट्ट्याचा मध्य धरावा.

थोडा वेळ हा गुणाकार इकडेतिकडे लावून पाहावा, मजा येते. पाच मिलिमीटर जाडीच्या तारेची प्रच्छाया अर्ध्या मीटरवर संपते, म्हणून उंचावरून गेलेल्या तारेची सावली जमिनीवर शोधूनही सापडत नाही. दहा सेंटिमीटर रुंद अंगाच्या पक्ष्याची गडद सावली अकरा मीटर उंचीपर्यंतच जमिनीला टेकते. चार मीटर जाड धडाच्या विमानाची प्रच्छाया सव्वाचारशे-साडेचारशे मीटरवर संपते. दहा किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान आपल्यावर काळी सावली टाकूच शकत नाही.

हाच गुणाकार चंद्राला आणि पृथ्वीला

चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. त्याला १०७ ने गुणले की ३ लाख ७२ हजार किलोमीटर येतात. चंद्राची प्रच्छाया इतकी लांब आहे. चंद्राचे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर आहे, आणि आपण केंद्रावर न राहता पृष्ठभागावर राहत असल्यामुळे त्यातून सुमारे ६,४०० किलोमीटर वजा केले तर ३ लाख ७८ हजार उरतात. म्हणजे सरासरी परिस्थितीत चंद्राची गडद सावली आपल्यापर्यंत पोहोचतच नाही, सहा हजार किलोमीटर अलीकडे संपते. आपण मुंगीच्या तिसऱ्या जागेवर असतो आणि आपल्याला कंकणाकृती ग्रहण दिसते.

परंतु चंद्राचे अंतर स्थिर नाही. उपभू बिंदूजवळ ते सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरपर्यंत घटते आणि अपभू बिंदूजवळ ४ लाख ६ हजारांच्या वर जाते. चंद्र जवळ असताना सावलीचे टोक जमिनीच्या पलीकडे वीस-एकवीस हजार किलोमीटर जाऊ शकते आणि तेव्हा जमिनीवर पडणाऱ्या प्रच्छायेची रुंदी, पुन्हा १०७ ने भागून, सुमारे २०० किलोमीटर येते. सूर्यही दूर असेल तर ती आणखी थोडी वाढते. खग्रास पट्टा इतका अरुंद असण्याचे कारण हेच. चंद्र मोठा असला तरी जमिनीला टेकते ते त्याच्या सावलीचे अगदी शेवटचे टोक. उपच्छायेचा व्यास मात्र सुमारे सात हजार किलोमीटर असतो, म्हणून खंडग्रास ग्रहण कित्येक देशांतून एकाच वेळी दिसते. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. अंदाजे साठ कोटी वर्षांनी त्याची प्रच्छाया पृथ्वीला टेकणे कायमचे थांबेल.

पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणून तिची प्रच्छाया साडेतेरा लाख किलोमीटरहून लांब आहे. इथे नियमात एक बारीक दुरुस्ती लागते. काटेकोर सूत्रात सूर्याच्या व्यासातून त्या वस्तूचा व्यास वजा करून मग भागायचे असते. पेन्सिलीसाठी किंवा चंद्रासाठी त्याने काही बिघडत नाही, पण पृथ्वीसाठी लांबी १३ लाख ६३ हजारांऐवजी १३ लाख ८० हजारांच्या घरात जाते. दिव्यासमोरच्या शंकूच्या, म्हणजे उभ्या काठीच्या, सावलीचे गणित आणि पृथ्वीच्या छायेची लांबी काढण्याचे हेच सूत्र आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिले होते. खोलीतला दिवा आणि आकाशातला सूर्य यांना एकच भूमिती लागू करण्याची ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

गोळी आणि मणी

एक मिलिमीटर म्हणजे एक हजार किलोमीटर, असे प्रमाण घ्यावे. पृथ्वी १२.७ मिलिमीटरची होते; पांढऱ्या मातीची गोळी वळून वाळवली तर उत्तम, कारण काचेच्या गोटीवर सावली नीट दिसत नाही. चंद्रासाठी साडेतीन मिलिमीटरचा मणी घ्यावा. दोन्ही तारेच्या तुकड्यांवर खोचून, तारा लाकडी पट्टीवर एकमेकींपासून ३८.४ सेंटिमीटरवर उभ्या कराव्यात, म्हणजे गोळी आणि मणी एकाच उंचीवर येतील. या प्रमाणात सूर्य १.४ मीटरचा होऊन दीडशे मीटर दूर ठेवावा लागेल, पण त्याची गरज नाही. खरा सूर्य आकाशात आहेच आणि तो त्याच कोनात दिसतो.

पट्टी उन्हात न्यावी, सूर्याकडे पाठ करावी आणि मणी सूर्याच्या बाजूला व गोळी दूरच्या बाजूला राहील असे धरावे. मण्याची सावली गोळीवर आणायची आहे. ही साधी वाटणारी गोष्ट पहिल्या प्रयत्नात जमत नाही. हात किंचित हलला की सावली गोळीवरून निसटते. सावली दिसत नसेल तर गोळीमागे हाताचा तळवा धरून ती कुठे पडली आहे ते शोधावे आणि मग हळूहळू आत आणावी. जमले की गोळीच्या अर्ध्याअधिक रुंदीवर सात मिलिमीटरचा फिकट डाग येतो, मध्यभागी जरा गडद. तीक्ष्ण काळा ठिपका शोधत बसू नये. मण्याची प्रच्छाया ३७ सेंटिमीटरच्या आसपासच संपलेली असते. तार वाकवून मणी गोळीपासून ३५ सेंटिमीटरवर आणला, तर त्या डागाच्या केंद्रात टाचणीच्या टोकाएवढा खरा काळोख येतो, पण तो नुसत्या डोळ्यांना क्वचितच वेगळा दिसतो. चंद्र उपभूला असतानाचे खग्रास ग्रहण ते हे.

आता पट्टी उलटी फिरवून गोळी सूर्याच्या बाजूला न्यावी. गोळीची प्रच्छाया मण्याजवळ नऊ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे मणी तिच्यात सहज बुडतो आणि दोन्ही बाजूंना जागा उरते. चंद्रग्रहणात खग्रास अवस्था तास-दीड तास टिकते आणि सूर्यग्रहणात मात्र कमाल साडेसात मिनिटे, हा फरक इथे नजरेस पडतो.

दर महिन्याला ग्रहण का नाही, याचेही उत्तर याच पट्टीवर आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. ३८ सेंटिमीटर अंतरावर ५ अंश म्हणजे जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर. मण्याची तार तेवढी उंच करून पाहावी. सव्वा सेंटिमीटरच्या गोळीच्या कितीतरी वरून सावली निघून जाते. बहुतेक अमावास्यांना असेच घडते. चंद्राची कक्षा त्या प्रतलाला दोन ठिकाणी छेदते. या पातबिंदूंची राहू आणि केतू ही जुनी नावे वाचकांच्या परिचयाची असतील. सूर्य यांपैकी एखाद्या बिंदूच्या जवळ दिसत असतानाच अमावास्या किंवा पौर्णिमा आली तर ग्रहण होते. हे पातबिंदू स्वतःही मागे सरकत असल्यामुळे अशी संधी १७३ दिवसांनी येते आणि सुमारे पाच आठवडे टिकते. पाच आठवड्यांत एक तरी अमावास्या येणारच, म्हणून वर्षाला किमान दोन सूर्यग्रहणे होतातच. जास्तीत जास्त पाच होऊ शकतात, आणि १९३५ साली तशी झाली होती.

ज्यांना तारखांची आवड आहे त्यांनी सॅरोस चक्र पडताळून पाहावे. २२३ चांद्रमास म्हणजे ६,५८५ दिवस आणि सुमारे ८ तास, अर्थात १८ वर्षे आणि दहा-अकरा दिवस. इतक्या काळाने सूर्य, चंद्र, पातबिंदू आणि चंद्राचे अंतर हे सगळे जवळपास पूर्वीच्याच जागी येते आणि ग्रहणाची जणू पुनरावृत्ती होते. ११ जुलै १९९१, २२ जुलै २००९ आणि २ ऑगस्ट २०२७ ही एकाच मालिकेतील खग्रास सूर्यग्रहणे आहेत. वरच्या आठ तासांत पृथ्वी आणखी एकतृतीयांश फिरते, त्यामुळे प्रत्येक वेळी छायेचा पट्टा पश्चिमेकडे सरकतो. पहिले हवाई आणि मेक्सिकोतून, दुसरे भारत, चीन आणि पॅसिफिकवरून दिसले, तिसरे स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून दिसणारे.

चंद्रग्रहणात काय मोजावे

चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणे पूर्णपणे सुरक्षित असते, आणि पृथ्वीच्या ज्या अर्ध्या भागात रात्र असते तिथे सगळीकडे ते दिसते. संख्येने सूर्यग्रहणे जास्त होत असली तरी एका जागी राहणाऱ्या माणसाला चंद्रग्रहणे जास्त पाहायला मिळतात, ती यामुळे. चंद्र नुसत्या उपच्छायेतून गेला तर त्याला छायाकल्प ग्रहण म्हणतात. ते पाहण्यासाठी जागरण करावे असे मी सुचवणार नाही. चंद्र जरासा मळकट दिसतो, एवढेच.

खंडग्रास अवस्थेत मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आधीच पाच सेंटिमीटर व्यासाची काही वर्तुळे आखून ठेवावीत आणि दर दहा मिनिटांनी चंद्रावरील सावलीची कड एका वर्तुळात काढून शेजारी वेळ लिहावी. दुसऱ्या दिवशी त्या वक्र कडांना जुळेल असे मोठे वर्तुळ कंपासने शोधावे. त्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या अडीच ते पावणेतीन पट आला तर निरीक्षण चांगले झाले. गणिताने हा आकडा २.६ च्या थोडा वर येतो. पृथ्वीच्या वातावरणामुळे सावलीची कड मऊ असते, म्हणून सगळ्यांची उत्तरे तंतोतंत सारखी येत नाहीत.

यापुढची पायरी मला या सगळ्या उद्योगातली सर्वांत सुंदर वाटते. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जाताना पृथ्वीची प्रच्छाया किती अरुंद होते? तितक्याच अंतरात चंद्राची प्रच्छाया त्याच्या पूर्ण व्यासापासून जवळजवळ शून्यावर येते, हे कंकणाकृती आणि खग्रास ग्रहणांवरून आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही सावल्या एकाच सूर्याच्या असल्यामुळे त्या सारख्याच दराने निमुळत्या होतात. म्हणजे पृथ्वीची सावलीही तेवढ्या अंतरात चंद्राच्या एका व्यासाइतकी अरुंद झालेली असणार. म्हणून मोजलेल्या २.६ मध्ये १ मिळवला की ३.६ मिळतात, आणि पृथ्वी खरोखरच चंद्राच्या ३.६७ पट आहे. ग्रीक खगोलज्ञ अरिस्टार्कसने इ. स. पू. तिसऱ्या शतकात याच धर्तीचा युक्तिवाद केला होता. त्याच्याआधी ॲरिस्टॉटलने सावलीची कड नेहमी गोलच दिसते यावरून पृथ्वी गोल असल्याचे म्हटले होते.

पूर्ण ग्रासलेला चंद्र काळा न होता तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेच्या वातावरणातून जाणारा प्रकाश अपवर्तनाने आत वळतो आणि त्या लांब प्रवासात त्यातला निळा भाग विखुरला जातो. त्या वेळी चंद्रावर उभे राहून पाहिले तर काळ्या पृथ्वीभोवती तिच्यावरील सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त एकाच लाल कड्यात दिसतील. या रंगाची नोंद दांजों मापनश्रेणीने करावी. तिच्यात ० म्हणजे जवळजवळ अदृश्य चंद्र आणि ४ म्हणजे उजळ तांबडा-नारिंगी. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक होऊन वातावरणात धुरकट थर पसरला आणि डिसेंबर १९९२ मधील खग्रास चंद्रग्रहणात चंद्र फारच काळवंडला होता.

सूर्यग्रहणाच्या दिवशी

इथे थोडे कडक बोलणे भाग आहे. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे डोळा भाजत असताना काहीच कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. थेट पाहायचे असेल तर आयएसओ १२३१२-२ या मानकाचे, ओरखडे वा छिद्र नसलेले ग्रहणचष्मेच वापरावेत. ते लावून घरात पाहिल्यास साध्या दिव्यांच्या उजेडात काहीही दिसता कामा नये. गॉगल, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी यांपैकी काहीही चालत नाही, कारण दृश्य प्रकाश कमी झाला तरी अवरक्त किरण त्यातून येऊ शकतात. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून पाहणे तर उघड्या डोळ्यांनी पाहण्याहून घातक आहे. एकवटलेले ऊन तो पडदा क्षणात जाळते. दुर्बिणीला गाळणी लावायची ती पुढच्या, सूर्याकडच्या तोंडाला. खग्रास अवस्थेची मोजकी मिनिटेच चष्म्याशिवाय पाहता येतात. कंकणाकृती ग्रहणात असा क्षण येतच नाही.

सुरक्षित पर्याय म्हणून आधीची फॉइल आणि आरसा पुन्हा बाहेर काढावा. भिंतीवरची गोल चकती आता चावा घेतल्यासारखी दिसेल. स्वयंपाकघरातला झारा उन्हात धरला तर जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटतात, आणि झाडाखालचे गोल कवडसेही कोरीच्या आकाराचे होतात. आरशाच्या चकतीवर दर पाच मिनिटांनी पेन्सिलीने कड गिरवली, तर ग्रहणाचा पूर्ण आलेख घरबसल्या तयार होतो.

सूर्याची कोर अगदी बारीक उरली की मात्र भिंतीवरून नजर काढून स्वतःच्या सावलीकडे पाहावे. ऊन फिके पडलेले असते, तरी सावल्या काही ठिकाणी विलक्षण रेखीव होतात. आता सूर्य गोल राहिलेला नसतो, तो ट्यूबलाइटसारखा एका दिशेने लांब आणि दुसऱ्या दिशेने अरुंद झालेला असतो. कागदासमोर पेन्सिल कोरीच्या लांबीला समांतर धरावी. पाऊण मीटरवर तिचा जो काळा गाभा एरवी हरवतो तो आता तिथेही शाबूत दिसेल, आणि पेन्सिल काटकोनात फिरवली की पुन्हा विरघळेल. पांढऱ्या कागदावर वीतभर उंचीवरून हाताची सावली पाडून हात हळूहळू फिरवत राहिले, तर एका विशिष्ट दिशेला मनगटावरचा एकेक केस सावलीत सुटा दिसू लागतो.